जेरेमी लिन : एका फेब्रुवारीचा चमत्कार की पंधरा वर्षांची कारकीर्द?

दुसरा_हाफ

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकन बास्केटबॉलपटू जेरेमी लिनने निवृत्ती जाहीर केली. तेव्हापासून आमच्या खेळणाऱ्या मंडळींत एक वाद धुमसतोय, तो इथे आणतोय. बहुतेकांचं म्हणणं असं, की लिन म्हणजे फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्ककडून गाजवलेले ते दोन-तीन आठवडे, आणि पुढचं सगळं उतरणीचं. मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी प्रवास सांगतो. जन्म १९८८ चा, कॅलिफोर्नियातला. आईवडील तैवानहून आलेले. वडिलांनी टीव्हीवरचे सामने रेकॉर्ड करून, ते पुन्हा पुन्हा बघून मुलांना खेळ शिकवला. २००६ साली पालो अल्टो हायस्कूलला त्याने राज्यविजेतं केलं, तरी एकाही मोठ्या विद्यापीठाने खेळाची शिष्यवृत्ती देऊ केली नाही. मग हार्वर्ड. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती हा प्रकारच नाही. अर्थशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. २०१० मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) साठ नावं पुकारली गेली, त्यात हा नव्हता. समर लीगमध्ये, म्हणजे नवोदितांच्या उन्हाळी स्पर्धेत, त्या ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाच्या जॉन वॉलसमोर चांगला खेळला म्हणून गोल्डन स्टेट संघाने घेतलं, पण वर्षभर मुख्य संघ आणि रेनोचा डी-लीग संघ (एनबीएची दुय्यम लीग, आताची जी-लीग) अशा फेऱ्याच चालल्या. डिसेंबर २०११ मध्ये गोल्डन स्टेटने नारळ दिला. ह्यूस्टनने उचललं आणि २४ डिसेंबरला त्यांनीही सोडलं. दोन-तीन दिवसांत न्यूयॉर्क निक्सने घेतलं, कारण त्यांचे गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारे खेळाडू) जायबंदी होते.

त्यानंतरच्या संघांची यादी बघा : ह्यूस्टन, लॉस एंजेलिस, शार्लट, ब्रुकलिन, अटलांटा, टोरंटो, बीजिंग, सांताक्रूझ, ग्वांगझू, काओशुंग, न्यू तैपेई. शेवटच्या संघाबरोबर २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं, आणि मग सदतिसाव्या वर्षी थांबला.

माझ्या मते ही पूर्ण कारकीर्द आहे आणि तिचा शेवटचा तिसरा भाग न्यूयॉर्कइतकाच मोलाचा आहे. व्यावसायिक खेळाडूचं यश तुम्ही कशावरून ठरवता?

ठाणेकर_काका

कारकिर्दीची उंची शिखरावरून मोजतात, पायथ्याशी किती वर्षं फिरलात यावरून नाही. लिन एकदाही ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंपैकी, झाला नाही. त्या फेब्रुवारीतही प्रतिस्पर्धी सावध झाल्यावर काय झालं ते आठवा. २३ तारखेला मायामीत अकरा फटक्यांत एक बास्केट आणि आठ वेळा चेंडू गमावला. मुलगा गुणी होता, मेहनती होता. पण थोर कारकीर्द म्हणू नका.

दुसरा_हाफ

काका, थोर कुठे म्हटलं? पूर्ण म्हटलं. :)

न्यूजर्सीकर

काका, तुम्ही मायामी सांगितलंत, मी आधीचं सांगतो. मी तेव्हा इथेच होतो.

त्या वर्षी लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या पैशाच्या वादात खेळ बंद) हंगाम नाताळला सुरू झाला, ८२ ऐवजी ६६ सामने कोंबलेले. सरावाला वेळच नव्हता. निक्सची अवस्था वाईट होती. ४ फेब्रुवारीला नेट्सविरुद्ध प्रशिक्षक माइक डँटोनीने नाइलाजाने लिनला उतरवलं. २५ गुण, ७ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास). पुढे जॅझविरुद्ध २८, विझार्ड्सविरुद्ध २३, लेकर्सविरुद्ध ३८. लेकर्सच्या कोबी ब्रायंटसमोर ३८! १४ तारखेला टोरंटोत बरोबरी असताना अर्धा सेकंद उरवून मारलेला तीन गुणांचा फटका. सलग सात सामने जिंकले. सुरुवातीपासून उतरलेल्या पहिल्या पाच सामन्यांत १३६ गुण. १९७६ मध्ये एनबीए आणि एबीए या दोन लीग एकत्र झाल्यापासून इतके कोणीच केले नव्हते.

आणि गंमत म्हणजे निम्म्या न्यूयॉर्कला हे दिसतच नव्हतं! टाइम वॉर्नर केबल आणि निक्सचे सामने दाखवणारी मॅडिसन स्क्वेअर गार्डनची वाहिनी यांचं पैशावरून भांडण होतं, जानेवारीपासून प्रक्षेपण बंद. आमच्याकडे नदीच्या अलीकडे वेगळी केबल, त्यामुळे मॅनहॅटनचे सहकारी ऑफिस सुटल्यावर आमच्याकडे यायचे. एरवी ज्यांना बास्केटबॉलमध्ये काडीचा रस नाही तेही. बायकोने पोह्यांचा मोठा डबा भरून ठेवायला सुरुवात केली. १७ फेब्रुवारीला ते भांडण मिटलं, आणि लिनमुळेच मिटलं असं आम्ही सगळे आजही मानतो.

ऑफिसातल्या चिनी, तैवानी, कोरियन सहकाऱ्यांचे चेहरे मी विसरणार नाही. 'आमच्यासारखा दिसणारा माणूस तिथे मध्यभागी आहे' हे आम्हा भारतीयांनाही आतून कळत होतं.

पाटी_कोरी

लिन सहा फूट तीन इंच, म्हणजे एनबीएत बुटका! आमच्या लग्नाच्या फोटोत असा एक बुटका असता तर मागच्या रांगेला खुर्च्यांवर चढावं लागलं नसतं.

करारमदार

न्यूजर्सीकर, छान लिहिलंत. त्यात कराराची बाजू घालतो, कारण खरा थरार तिथेच आहे.

एनबीएत तीस संघ आणि प्रत्येकी पंधरा मुख्य जागा, म्हणजे ४५०. त्यातल्या तळाच्या जागांवरचे करार बहुधा 'गॅरंटी' नसलेले असतात. संघ कधीही सोडू शकतो आणि उरलेल्या हंगामाचे पैसे देणं लागत नाही. ठरावीक तारखेनंतर संघात असाल तर मात्र वर्षाचा पूर्ण पगार पक्का. एरवी ही तारीख जानेवारीत येते, त्या वर्षी लॉकआउटमुळे १० फेब्रुवारी होती. म्हणजे ४ तारखेला लिनच्या हातात सहा दिवस होते. तो भावाच्या आणि सहकारी लँड्री फील्ड्सच्या सोफ्यावर झोपत होता तो गरिबीमुळे नव्हे. घर भाड्याने घेण्यात अर्थच नव्हता म्हणून. नंतर ३८ गुण केले ती तारीखही १० फेब्रुवारीच.

दुसरा टप्पा त्याच उन्हाळ्यातला. ह्यूस्टनने तीन वर्षांसाठी २.५१ कोटी डॉलर देऊ केले, पण रचना अशी केली की तिसऱ्या वर्षीचा आकडा दीड कोटीच्या जवळ जावा. निक्सना तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवता आलं असतं, पण त्या तिसऱ्या वर्षी त्यांच्यावर लक्झरी टॅक्सचा (पगारांची मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला बसणारा कर) डोंगर पडला असता. त्यांनी सोडून दिलं. ज्या संघाच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं त्या संघाकडून तो पुन्हा खेळला नाही, आणि ज्या ह्यूस्टनने नाताळच्या आदल्या दिवशी काढलं होतं त्यांनीच सात महिन्यांनी कोट्यवधी मोजले. खेळाडूचं नशीब खेळाइतकंच या कागदांवर ठरतं.

मंदा_के

सगळं वाचतेय. बास्केटबॉल मला फार कळत नाही, पण माझी मुलगी नाशिकला खेळते, दहावीत आहे, राज्य स्पर्धेपर्यंत गेली. ती म्हणते, हेच करिअर करायचं. घरात रोज वाद. लिनचं ठीक आहे हो, पण आपल्याकडे या वाटेने जाणाऱ्याचं काय होतं? कोणी खरंखरं सांगेल का?

नागपाडा_नाका

मंदाताई, मी सांगतो. आम्ही नागपाड्याचे. आमच्याकडे गल्लीत क्रिकेटच्या आधी बास्केटबॉल येतो. बच्चू खान मैदान, मस्तान वायएमसीए. संध्याकाळी जागा मिळायची नाही. तिथून राष्ट्रीय संघात गेलेले लोक आहेत.

खरी गोष्ट अशी की भारतात बास्केटबॉलची कारकीर्द म्हणजे आजवर मुख्यतः नोकरी. रेल्वे, ओएनजीसी, सेनादल, पोलीस, बँका. खेळाडू म्हणून भरती, सकाळ-संध्याकाळ सराव, ऑफिसात हजेरी, वय झालं की पूर्णवेळ कर्मचारी. यात कमीपणा काही नाही. आमच्या गल्लीतली कितीतरी घरं या नोकऱ्यांनी उभी राहिली. मुलींसाठी रेल्वे हा सगळ्यात मोठा आधार आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. प्रमाणपत्रं जपून ठेवा, त्याच्या मूळ प्रती कुणाकडे देऊ नका.

व्यावसायिक लीग? २०१५ च्या सुमारास यूबीए आली होती. पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते. दोनेक वर्षांत बंद पडली. लीग येते, मुलं नोकरी सोडायचा विचार करतात, आणि लीग जाते. म्हणून लीगच्या भरवशावर शिक्षण सोडू देऊ नका.

शिट्टीवाली

पुण्याच्या शिरीन लिमयेंचं नाव इथे यायलाच हवं. भारताच्या महिला संघाचं कर्णधारपद भूषवलेली खेळाडू! मुलीला त्यांचे सामने दाखवा. आणि केरळची गीतू अॅना जोस : ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या (महिलांची एनबीए) संघांनी तिला चाचणीला बोलावलं. निवड झाली नाही, पण भारतातल्या बाईने तिथवर दार ठोठावलं हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे पोरींच्या खेळाची चर्चा 'लग्नानंतर काय' इथेच अडकते. मंदाताई, तुमच्या घरातला वाद निदान खेळावर तरी होतोय!

विटीदांडू

भारताचा विषय निघालाच आहे तर सतनाम सिंग विसरू नका. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फुटांहून उंच, लुधियाना अकादमी, तिथून फ्लोरिडा. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला. ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय. पण एनबीएचा एकही सामना नाही, फक्त त्यांच्या डी-लीग संघात. पुढे डोपिंगप्रकरणी दोन वर्षांची बंदी आणि मग व्यावसायिक कुस्ती. दुसरीकडे लिन : ड्राफ्ट झालाच नाही आणि एनबीएत ४८० सामने, सरासरी ११.६ गुण. ड्राफ्टच्या रात्री पुकारलेलं नाव म्हणजे कारकीर्द नव्हे, हे या दोघांकडे बघून कळतं.

ठाणेकर_काका

सतनामवर केवढं ओझं टाकलं आपण! इंग्रजी धड येत नसताना चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा परदेशी पाठवला आणि 'भारताचा याओ मिंग' (एनबीए गाजवलेला चीनचा उंच खेळाडू) म्हणून मिरवला. त्याच्याबाबत माझं मन हळवं आहे.

दुसरा_हाफ

अमज्योत सिंगही घ्या, ओक्लाहोमाच्या दुय्यम संघाकडून खेळला. प्रिन्सपाल सिंग एनबीएच्या भारतातल्या अकादमीतून जी-लीगमधल्या इग्नाइट संघात गेला आणि २०२१ ला सॅक्रामेंटोच्या समर लीग संघात होता. त्या सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले तेव्हा त्यांचाच संघ इंडियानाविरुद्ध खेळला होता. माणसं जातायत, वाट रुळायची आहे.

फिजिओ_अमरावती

माझा विषय आला म्हणून लिहितो. लिनची उतरण झाली असं म्हणणाऱ्यांनी त्याचे गुडघे बघावेत. मार्च २०१२ मध्ये गुडघ्यातला मेनिस्कस (कूर्चा) फाटला, न्यूयॉर्कचा हंगाम तिथेच संपला. २०१६ मध्ये ब्रुकलिनने संघाचं सुकाणू त्याच्या हाती दिलं, तर मांडीचा मागचा स्नायू दुखावून निम्म्याहून जास्त सामने हुकले. मग ऑक्टोबर २०१७, हंगामाचा पहिलाच सामना, बास्केटकडे झेपावून खाली उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा पटेला टेंडन तुटला. जमिनीवर बसून तो रडत होता. काय झालंय ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं.

हा टेंडन म्हणजे मांडीची सगळी ताकद नडगीपर्यंत पोचवणारा पट्टा. तो शिवता येतो, माणूस पळूही लागतो, पण पहिल्या पावलाचा झटका पूर्ववत येणं अवघड. आणि लिनचा सगळा खेळ त्या पहिल्या पावलावर होता : अंगावरच्या बचावपटूला स्क्रीनवर (वाट अडवून उभ्या सहकाऱ्यावर) अडकवायचं आणि तो सुटायच्या आत रिंगखाली पोचायचं. ज्याचा फटका लांबून अचूक असतो तो अशा दुखापतीनंतर तग धरतो. आत घुसणाऱ्याला वेगळा खेळाडू व्हावं लागतं. तिशीत तो वेगळा खेळाडू झाला आणि पुढे आणखी सात हंगाम खेळला. माझ्याकडे शाळकरी पोरं येतात, लिगामेंट फाटलं की आईबाप म्हणतात 'आता खेळ बंद'. त्यांना मी हा माणूस दाखवतो.

मंदाताई, मुलीला वजनं उचलायला आणि उडी मारून नीट उतरायला शिकवणारा प्रशिक्षक बघा. या वयात मुलींच्या गुडघ्यांना मुलांपेक्षा जास्त धोका असतो आणि योग्य व्यायामाने तो खरोखर कमी होतो.

मंदा_के

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. उद्याच तिच्या सरांशी बोलते.

करारमदार

काकांना एक प्रश्न. २०१९ चं टोरंटोचं विजेतेपद धरायचं की नाही? अटलांटाने मोकळं केल्यावर तो तिथे गेला, विजेत्यांची अंगठी मिळाली, पण अंतिम मालिकेत जेमतेम मिनिटभर मैदानावर होता.

ठाणेकर_काका

तो स्वतःच म्हणाला होता ना, की हे आपण कमावलंय असं वाटत नाही. मग मी कशाला धरू?

शिट्टीवाली

मी धरते. रोज सरावात समोरच्या संघाचा गार्ड बनून आपल्या मुख्य खेळाडूंना तयार करणारेही संघच असतात. मी संघातली बारा नंबरची, म्हणजे शेवटची राखीव खेळाडू होते, त्यामुळे या मुद्द्यावर माघार घेणार नाही. :)

विटीदांडू

त्याच उन्हाळ्यात तो तैवानमध्ये व्यासपीठावर बोलता बोलता रडला. एनबीएने आपल्याला वाऱ्यावर सोडलंय, तळ गाठला म्हणावं तर तळ आणखी खाली जातोय, अशा अर्थाचं बोलला. विजेता झाल्यावर दीड महिन्यात! व्हिडिओ बघून गलबललो होतो.

आणि वंशाचा मुद्दा टाळू नये. हार्वर्डकडून खेळताना प्रेक्षकांतून, प्रतिस्पर्ध्यांकडून त्याला शिव्या ऐकाव्या लागल्या. २०१२ मध्ये एका मोठ्या क्रीडा संकेतस्थळाने त्याच्यावर वंशद्वेषी मथळा चालवला, आणि २०२१ मध्ये जी-लीगच्या सामन्यात कोणीतरी त्याला 'कोरोनाव्हायरस' म्हणालं. हे त्याने स्वतः लिहिलं, पण त्या माणसाचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. आशियाई मुलगा म्हणजे अभ्यासू, हळू, सभ्य. हे निवड करणाऱ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. चपळाई डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

अटकेपार

उशिरा आलो. मी तैवानमध्ये सिंचूला सेमीकंडक्टर कंपनीत आहे, इथे बरीच मराठी मंडळी आहेत. आम्ही मित्र शनिवार-रविवारी शिनचुआंगच्या स्टेडियममध्ये लिनच्या न्यू तैपेई किंग्जचे सामने बघायला जायचो. त्यामुळे 'उतरण' हा शब्द वाचून राहवलं नाही.

इथे लिन म्हणजे पाहुणा नव्हे, घरचा मुलगा. धाकटा भाऊ जोसेफ त्याच संघात. दोघं एकत्र मैदानावर असले की आज्यासुद्धा उभ्या राहायच्या. मी २०१२ चे व्हिडिओ बघितलेत, आणि इथला लिन त्यापेक्षा शहाणा खेळाडू होता हे ठामपणे सांगतो. धावणं कमी, थांबणं जास्त. बचावपटूला पाठीवर घेऊन वेग मुद्दाम कमी करायचा, मदतीला दुसरा आला की कोपऱ्यात पास. तीन गुणांचा फटका भरवशाचा झालेला. २०२५ ला विजेतेपद आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, तेही सदतिशी जवळ आलेली असताना.

शिवाय इथल्या लीगचं काय झालं ते बघा. तैवानमध्ये बास्केटबॉलला प्रेक्षक आधीही होते, पण २०२० नंतर नव्या लीग आल्या, आपसांत फुटल्या, पुन्हा जुळल्या. अशा काळात त्याच्यासारखा माणूस येऊन ठाण मांडतो तेव्हा स्टेडियम भरतं, प्रायोजक टिकतात, पोरांना वाटतं की आपल्या गावातही हे काम आहे. अमेरिकेतून बघणाऱ्याला हा नकाशाचा कोपरा वाटतो. इथे राहणाऱ्याला नाही.

न्यूजर्सीकर

अटकेपार, मनापासून आभार. आम्ही इकडे २०१२ वरच थांबलो होतो.

२०२१ चा सांताक्रूझचा भाग मला सगळ्यात जास्त भिडतो. बीजिंगमध्ये मोठा पगार होता, तो सोडून बत्तिसाव्या वर्षी तो जी-लीगमध्ये आला, फक्त एनबीएतून एक फोन यावा म्हणून. चांगला खेळला. दहा दिवसांचा करारसुद्धा कुणी दिला नाही. सगळ्या देशाने ज्याचं नाव घेतलं होतं तो माणूस पुन्हा त्याच चाचणीच्या रांगेत उभा राहतो, याला किती मोठं काळीज लागतं!

ठाणेकर_काका

अटकेपार यांची पोस्ट दोनदा वाचली. शिखराचा मुद्दा मी सोडत नाही. एनबीए ही एनबीए आहे आणि तैवानची लीग त्या पातळीची नाही, हे खेळाच्या दृष्टीने खरंच आहे. पण मूळ प्रश्न 'व्यावसायिक खेळाडूचं यश' असा होता. व्यवसाय म्हणून बघायचं तर पंधरा वर्षं कुणी ना कुणी त्याला खेळायचे पैसे देत होतं, आणि शेवटच्या वर्षी सर्वात जास्त हवाहवासा होता. ४५० जागांसाठी शेकडो विद्यापीठांतून दर वर्षी हजारो मुलं रांगेत असतात, त्यातली बहुतेक चार-पाच वर्षांत बाहेर फेकली जातात. त्या हिशोबाने लिन पहिल्या वर्गात पास. विशेष प्रावीण्य मात्र देणार नाही!

दुसरा_हाफ

काकांकडून पहिला वर्ग म्हणजे मला विजेतेपदच. :)

नागपाडा_नाका

मंदाताई, मुलीचं काय ठरलं?

मंदा_के

तिच्या सरांशी बोलले, गुडघ्यांच्या व्यायामाचं त्यांनी मनावर घेतलंय. बारावी पूर्ण करायची, खेळ चालू ठेवायचा, आणि आंतरविद्यापीठ संघ चांगला आहे अशाच कॉलेजात प्रवेश घ्यायचा, इतपत घरात एकमत झालंय. तिचे बाबा अजून कुरकुरतात, पण काल रात्री लेकर्सविरुद्धचा तो सामना तिच्या शेजारी बसून त्यांनी शेवटपर्यंत बघितला. रेल्वेच्या खेळाडू भरतीची जाहिरात कुठे येते आणि त्यासाठी कोणत्या पातळीची प्रमाणपत्रं लागतात, हे कुणी इथेच लिहाल का?

नागपाडा_नाका

लिहितो. प्रत्येक क्षेत्रीय रेल्वेचा (झोनचा) भरती कक्ष स्वतंत्र जाहिरात काढतो, म्हणून मध्य आणि पश्चिम रेल्वे दोन्हींच्या भरतीच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवा. पदानुसार पात्रता बदलते. आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय, आंतरविद्यापीठ अशा पायऱ्या असतात आणि ठरावीक काळातलीच कामगिरी धरतात. कागदपत्रांनंतर मैदानावर चाचणी होते. आमच्या मैदानावरच्या दोन मुली सध्या रेल्वेत आहेत. त्यांना विचारून त्यांची तयारी कशी होती ते इथे सविस्तर टाकतो.